ब्रिथ वरच्या खांबापाशी थांबते

ब्लाएनकुमला दर ऑगस्टात मेंढकुत्र्यांची स्पर्धा भरते. दोनेकशे माणसं येतात आणि दोघं सोडून बाकी सगळी खालच्या अंगाला उभी असतात. चहाचा तंबू खाली, पंचांची मोटार खाली, टाळ्या वाजवणारे खाली, आणि आपलाच कुत्रा कसा शहाणा हे सांगत सुटलेलेही खालीच. उरलेली दोघं वर, चारशे पावलांवर, चढ संपतो तिथं मेंढ्या कोंडायच्या वाडग्यापाशी. त्यांची नावं कुणी कर्ण्यावरून पुकारत नाही.

तरी ती दोघं नसतील तर स्पर्धा सुरूच व्हायची नाही. प्रत्येक स्पर्धकाला पाच मेंढ्या लागतात, त्याही ताज्या, आधी कुणी न पळवलेल्या. वाडग्यातून पाच काढायच्या, रोवलेल्या खांबापाशी न्यायच्या आणि गवतात तोंडं घालून शांत उभ्या ठेवायच्या. मग खालून स्पर्धकाचा कुत्रा मोठा वळसा घेत येतो, मेंढ्यांच्या मागं पोचतो, आणि तो पोचला की वरच्या कुत्र्यानं गुपचूप बाजूला व्हायचं. पुढं मेंढ्या खाली नेण्याचं कौतुक त्या पाहुण्या कुत्र्याचं. असं दिवसातून साठ वेळा. तीस वर्षं हे काम नेस्टा हवॉद करत आली होती.

हवॉद हे तिच्या शेताचं नाव. आमच्या खोऱ्यात आडनावं चारच, म्हणून माणूस शेतावरून ओळखायचा. बासष्ट वर्षांची, बुटकी, कोटाला पट्ट्याऐवजी गवताच्या गठ्ठ्याची सुतळी बांधणारी बाई. लग्न केलं नाही. का केलं नाही याची तीन कारणं लोक सांगतात आणि तिन्ही सांगणाऱ्यांनी ती एकमेकांकडून ऐकलेली असतात. भावाबरोबर शेत केलं, भाऊ अकरा वर्षांमागं गेला, मग एकटीनं केलं.

तिची खोड एकच, प्रश्न विचारायची. आणि साधे प्रश्न नाहीत. जनावरांच्या डॉक्टरला विचारी, कोकराला आईचा आवाज ओळखायला नक्की किती मिनिटं लागतात? डॉक्टर म्हणाले, लवकर ओळखतं. तर म्हणे, "लवकर म्हणजे किती, आणि तुम्हाला कसं कळलं?" चॅपलच्या धर्मगुरूंना तिनं एकदा विचारलं होतं की बायबलात एक हरवलेली मेंढी शोधायला तो धनगर नव्याण्णव सोडून जातो, तेव्हा त्या नव्याण्णवांपाशी कुत्रा कुठला होता? ते पुढच्या रविवारी सांगतो म्हणाले. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली.

त्या साली मार्च महिन्यात हवॉदचा भाडेकरार संपत आल्याचं पत्र आलं. सप्टेंबरअखेर घर रिकामं करायचं. नेस्टाचे गुडघेही तेच म्हणत होते, त्यामुळं तिनं भांडण केलं नाही. समुद्राकाठच्या गावी बहीण मोर्विद राहत होती, दुकानावरच्या मजल्यावर, तिच्याकडं जायचं ठरलं. मेंढ्यांची काळजी नव्हती. आमच्याकडं मेंढ्या डोंगराबरोबर जातात. ज्या उतारावर जन्मल्या तोच त्यांचा, तिथं कुंपण लागत नाही आणि दुसरीकडं नेल्या तर त्या परत येतात. शेत कुणीही घेवो, मेंढ्या तिथंच राहणार हे कागदात लिहिलेलं असतं.

कुत्रीबद्दल कागदात काही नव्हतं. ब्रिथ सहा वर्षांची. ब्रिथ म्हणजे कबरी. अंगभर करडे-काळे ठिपके, आणि तोंडाची डावी बाजू पांढरी, उजवी काळीकुट्ट. एखाद्यानं अर्धंच तोंड धुतलं तर जसं दिसेल तसं. मोर्विदच्या घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं, आणि चाललं असतं तरी ब्रिथनं तिथं काय करायचं? खिडकीतून बसगाड्या मोजायच्या? इंग्लंडातला एक व्यापारी न्यायला तयार होता, पण तो नेतो ती कुत्री पुढं कुठं जातात हे त्याला विचारलं की तो हवापाण्याबद्दल बोलू लागतो. नेस्टाला एवढंच हवं होतं, की ब्रिथ याच खोऱ्यात, याच डोंगरावर, याच मेंढ्यांमागं राहावी. बाकी तिनं सगळं सोडून दिलं होतं. ही एक गोष्ट मात्र तिच्या जिवाला लागली होती.

म्हणून ती गेथिनकडं गेली. गेथिन म्हणजे आमचा नावाजलेला गडी, चौतीस वर्षांचा, फडताळभर चषक जिंकलेला. तो खळ्यात ट्रॅक्टरखाली आडवा पडला होता, त्याच्या बुटांशीच तिनं बोलणं सुरू केलं.

"गेथिन, ब्रिथला नेशील का?"

"कोण ब्रिथ? ती वरची?" बूट म्हणाले.

"तीच."

गेथिन बाहेर आला, हात पुसले. "मावशी, तुमचा मान ठेवून सांगतो. वरच्या अंगाची कुत्री ती. मेंढ्या धरून ठेवते, कबूल. पण कधी मैदानात खाली आणल्यात का तिनं?"

"डोंगरावरून रोज आणते की. सव्वाशे आणते."

"डोंगरावर कोण बघतंय? तिथं माझी आजीपण चषक जिंकेल."

"तुझ्या आजीनं जिंकलाही असता. तुझ्यापेक्षा शिट्टी बरी होती तिची."

गेथिन हसला. "बरं, असं करा. येत्या ऑगस्टात तिला मैदानात उतरवा. पाच मेंढ्या नीट खाली आणून दाखवू दे. नंबर नको, काही नको. आणल्या की त्याच दिवशी माझ्या गाडीत घालतो."

एवढं सोपं, असं नेस्टाला वाटलं. आता कुणी म्हणेल, शेजारच्या तुडनोला का नाही विचारलं? तुडनो वीस वर्षं वरच्या वाडग्याचं फाटक उघडायला तिच्याबरोबर उभा असायचा, आणि त्याची जमीन हवॉदच्या बांधाला लागून. पण खरं सांगायचं तर तिच्या मनात ते आलंच नाही. तुडनो दिवसभरात सहा शब्द बोलायचा, त्यातले चार मेंढ्यांशी. तिच्या लेखी तो फाटकाचाच एक भाग होता. काखेत कळसा म्हणतात तो असा.

नाव नोंदवायला ती टेबलापाशी गेली तेव्हा चिटणीस ओल्वेनचा चष्मा नाकावरून घसरला.

"नेस्टा, तू? खाली? अगं मग वर कोण थांबणार?"

"तुडनो आहे की."

"एकटा?"

"मेंढ्यांना घाबरत नाही तो."

बातमी सगळ्या खोऱ्यात फिरली. तीस वर्षं वर उभी राहिलेली बाई यंदा खाली का उतरते, हे सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं, आणि नेस्टा ताकास तूर लागू देत नव्हती. कुणी म्हणे पैज लागलीय, कुणी म्हणे गुपचूप लंडनचा शिकवणारा बोलावलाय. मला स्वतःला वाटलं होतं की म्हातारपणी हौस फेडून घेतेय. मीही चुकलोच.

स्पर्धेच्या दिवशी ऊन होतं, वाराही नव्हता. तिचा नंबर तेविसावा. खालच्या खांबापाशी, स्पर्धकाच्या जागी, ती जन्मात पहिल्यांदा उभी राहिली. नियम असा, की मेंढ्या खालच्या, शेवटच्या वाडग्याशी येईतो माणसानं तो खांब सोडायचा नाही. सोडला तर संपलं. तिथून वर बघताना तिला गंमत वाटली. वरून ही उतरण साधी दिसायची, खालून छातीवर आल्यासारखी दिसत होती. वर तुडनो म्हणजे एक उभी रेघ. त्याचा म्हातारा कुत्रा कॅप पाच मेंढ्या घेऊन खांबाशी आला आणि धापा टाकत मागं सरकला.

"जा, बाई," नेस्टा म्हणाली.

ब्रिथ उजवीकडून सुटली. भिंतीच्या कडेकडेनं, पोट गवताला घासत, असा रुंद वळसा घेतला की मेंढ्यांना पत्ता लागला नाही. तंबूपाशी चहा पिणारे कप हातात धरून पुढं आले. ब्रिथ बरोबर मेंढ्यांच्या मागं येऊन पोचली आणि तिथं अलगद बसली. मेंढ्यांनी माना वर केल्या, तिला बघितलं आणि पुन्हा चरू लागल्या.

नेस्टानं शिट्टी घातली. पुढं चल, ही तिची रोजचीच शिट्टी.

ब्रिथ हलली नाही.

दुसरी शिट्टी, तिसरी. काही नाही. पाच मेंढ्या चरताहेत, मागं कबरी कुत्री बसलीय, चित्र काढायला बरं. खाली कुजबुज सुरू झाली. पंचांनी एकदा घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं असतात प्रत्येकाला, त्यातली तीन गेली होती.

"मावशीची कुत्री राखणीला बसली," गेथिन म्हणाला. त्याच्या शेजारचे हसले.

पण नेस्टाचा स्वभाव बघा, त्याही वेळी तिला पहिला प्रश्न पडला तो असा, की हिला ऐकू जातंय की नाही? तिनं पुन्हा शिट्टी घातली आणि नीट पाहिलं. ब्रिथचं डोकं हललं. म्हणजे जातंय. मेंढ्यांना घाबरली? छे, पाचही मेंढ्या जागच्या तसूभर सरकल्या नव्हत्या. त्या काही गोठ्यातल्या गरीब नव्हत्या, जूनपासून माणूस न पाहिलेल्या डोंगरी मेंढ्या. त्यांना असं ठेवणं म्हणजे खायचं काम नव्हे. मग घोडं पेंड कुठं खातंय?

आणि मग तिला कळलं. ब्रिथ आपलं काम करत होती. या मैदानात, या खांबापाशी, या वाडग्यासमोर तिला आजवर एकच काम सांगितलं होतं, धरून ठेव. पुढं न्यायचं ते दुसऱ्या कुत्र्यानं. तो दुसरा कुत्रा यायची ती वाट बघत होती. तिला वर्षानुवर्षं हे शिकवणारी नेस्टाच, आणि आज तीच खालून तिला उलटं सांगत होती.

सहा मिनिटं झाली. बरं, म्हणाली नेस्टा मनाशी, निदान मोकळी तरी करते. दरवेळी पाहुणा कुत्रा आला की वर जो शब्द ती म्हणायची तो तिनं मोठ्यानं म्हटला. "पुरे, ब्रिथ. ये."

ब्रिथ आली नाही.

हे मात्र तिला लागलं. शिट्टी न मानणं समजण्यासारखं होतं, पण हा शब्द तिचा होता. कुत्री पिल्लू असताना पहिला शिकवलेला. तिनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. ब्रिथ खाली बघत असती तर तोंडाची पांढरी बाजूही दिसली असती. दिसत होती ती नुसती काळी. ब्रिथचं तोंड वळलेलं होतं वाडग्याकडं, जिथं तुडनो उभा होता.

आठव्या मिनिटाला नेस्टानं काठी पंचांकडं उंच केली. सोडते, असा त्याचा अर्थ. मग खांब सोडून ती चढाला लागली. चारशे पावलं, दोनशे माणसं मागून बघताहेत आणि गुडघे ओरडताहेत. गेथिन काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. ऐकायचंही नव्हतं. गेथिनची गाडी आपल्यासाठी संपली हे तिला माहीत होतं. व्यापाऱ्याचा चेहरा डोळ्यासमोर येत होता. पण वरच्या कोड्याचं उत्तर घेतल्याशिवाय ती घरी जाणार नव्हती.

तुडनो दोन्ही हात खिशात कोपरापर्यंत खुपसून उभा होता. चेहरा शेंदरासारखा लाल.

"मी काही केलं नाही, नेस्टा."

"ते दिसतंय."

"नियमच आहे. वरच्यानं स्पर्धकाच्या कुत्र्याशी बोलायचं नाही. मी खोकलोसुद्धा नाही."

"मग ती तुझ्याकडं का बघतेय?"

तुडनोनं बुटाकडं पाहिलं. मग मेंढ्यांकडं. "विचारतेय. सोडू का म्हणून. आठ मिनिटं झाली, सारखी विचारतेय. लई वाईट वाटलं मला."

"तुला का विचारते?"

"दरवेळी मीच सांगतो ना तिला. खालचा कुत्रा वर आला की. झालं, बाई, म्हणतो. मग ती सोडते."

"मी सांगते," नेस्टा म्हणाली. "मी म्हणते, पुरे."

"म्हणता की. पण तुमचं म्हणून होईतो ती निघालेली असते." तो घाईनं पुढं बोलला, जणू तिच्यावर आळ घेतल्यासारखं झालं होतं. "तुमचं चुकत नाही. तुमचं लक्ष पुढच्या पाच निवडण्यात असतं, लंगडी कुठली, तापट कुठली. पहिल्या वर्षी एकदा उशीर झाला, तेव्हा मी म्हटलं. मग तेच अंगवळणी पडलं."

"पाच वर्षं?"

"पाचच होतील आता."

नेस्टानं मनातल्या मनात हिशेब केला. पाच वर्षं, दरवेळी साठ. तीनशे वेळा हे तिच्यापासून दहा पावलांवर घडलं होतं. डॉक्टरला, धर्मगुरूला, पोस्टमनला, दिसेल त्याला कसं कळलं म्हणून विचारणारी ती, आणि स्वतःची कुत्री कुणाचं ऐकते हे तिला माहीत नव्हतं.

"आणि मला बोलला नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत," तुडनो म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला टोमणा मारता येत नाही.

ब्रिथ अजून बसलेली होती. मेंढ्याही.

"आता सांग तिला," नेस्टा म्हणाली.

"आत्ता? चालेल?"

"काठी वर केलीय मी. मी स्पर्धेत नाही, ती नाही. सांग."

तुडनोनं खिशातून हात काढले. आवाज इतका हळू, की वारा असता तर नेस्टाला ऐकू आला नसता. "झालं, बाई."

ब्रिथ उठली. मेंढ्यांना न बिचकवता मागल्या मागं सरकली, वळसा घालून आली आणि तुडनोच्या डाव्या बुटाशी बसली. नेस्टाकडं बघून तिनं शेपटी दोनदा हलवली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात हात करावा तशी, आणि पुन्हा वाडग्याकडं तोंड केलं.

खाली चोविसावा स्पर्धक ताटकळत होता. कुणीतरी रुमाल हलवून वर खुणा करत होतं. तुडनो तसाच उभा राहिला, पाय जमिनीत रुतल्यासारखा.

"तुझा कॅप केवढा झाला रे?" नेस्टानं विचारलं.

"तेरावं लागेल. आज पंधरा खेपा केल्या आणि मग पायच उचलेना. मधे मीच पळत होतो मेंढ्यांमागं."

"आणि पुढं?"

"शोधतोय. मिळत नाही या कामाला. आजकाल सगळे धावणारे पाळतात, थांबणारा कुणी पाळत नाही." त्यानं फाटकाची कडी चाचपली. "ब्रिथबद्दल विचारणार होतो. पण तुम्ही गेथिनला बोललात असं ऐकलं. मग कसं विचारायचं? तो चषकवाला."

नेस्टानं कोटाची सुतळी घट्ट केली. मग म्हणाली, "पुढच्या पाच काढ. लोक खोळंबलेत."

तुडनोनं फाटक उघडलं. नेस्टानं काही सांगितलं नाही, हातही हलवला नाही, मुद्दामच. ब्रिथ आपणहून उठली, पाच मेंढ्या कळपातून वेगळ्या केल्या, खांबाशी नेल्या आणि बसली. खालून एक पिवळट कुत्रा वळसा घेत आला. तुडनो म्हणाला, झालं, बाई, आणि ब्रिथ त्याच्याकडं आली. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. आपण नसलो तर वर कसं चालेल हा एकच प्रश्न नेस्टानं तीस वर्षांत कधी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर आता तिच्यासमोर बसलं होतं.

"ती सकाळी लापशी खाते," ती म्हणाली. "दूध घालून, साखर नको. गडगडाट झाला की पलंगाखाली जाते, तेव्हा ओढायची नाही. बाकी तुला सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"सप्टेंबरअखेरीला येऊ न्यायला?"

"आता ठेव. आज साठपर्यंत जायचंय ना अजून."

ती भिंतीच्या कडेनं एकटीच खाली उतरली. गेथिननं विचारलं, "मावशी, कुत्री कुठाय?" ती म्हणाली, "कामावर आहे," आणि न थांबता तंबूत शिरली. तीस वर्षांत त्या तंबूतला चहा तिनं कधी घेतला नव्हता. ओल्वेननं कप पुढं केला, तव्यावरचे दोन गोड केक बशीत ठेवले, आणि पाहते तर नेस्टाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, कपात पडत होतं, आणि ती पुसतसुद्धा नव्हती.

"अगं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" ओल्वेन म्हणाली. "पहिल्यांदा कुणाचंही चुकतं. हरलीस म्हणून रडतेस होय?"

"नाही गं," नेस्टा म्हणाली. "जमलं म्हणून."

ओल्वेनला काही कळलं नाही. तिनं आणखी एक चमचा साखर घातली.